तबली आणि तार

वाद्यसंगीतावर आपल्याकडे जी टीका लिहिली जाते ती बहुधा वादकाची असते. वादकाचा हात, त्याचें घराणें, त्याची बैठक यांविषयीं पानेंच्या पानें खर्ची पडतात. पण ज्या लांकडांतून तो सारा नाद बाहेर पडला तें कोणीं कोरलें, कसें कोरलें, आणि कोरणाराचा हेतु सिद्धीस गेला कीं नाहीं, याची विचारपूस क्वचितच होते. मिरजेच्या तंबोऱ्याची थोरवी सर्वांच्या तोंडीं असते. परंतु त्याच्या घोडीची जवारी काढणाऱ्या हाताचें परीक्षण कोणत्याही मासिकांत वाचल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. वाद्य हीही एक कृति आहे, आणि कृति म्हटली कीं तिचें गुणदोषविवेचन झालें पाहिजे, या समजुतीनें आम्हीं आज मँडोलिन विचारास घेतलें आहे. त्यास एक निमित्तही घडलें. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनीं दोन वर्षें खपून स्वहस्तें एक मँडोलिन सिद्ध केलें. आणि आतां त्याच्या बुडाशीं अर्ध्या इंचाचें छिद्र पाडून तेथें पिकअपचें टोंक बसवावें कीं नाहीं, असा प्रश्न त्यांनीं आमच्यापुढें ठेवला आहे.

मँडोलिनचें माहेर इटली. अठराव्या शतकांत नेपल्स शहरीं त्यास जें रूप आलें त्याची पाठ भोपळ्यासारखी फुगीर आणि लांकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेली असे. तारा आठ, पण जोडीजोडीनें चार, सूर व्हायोलिनचेच. या नाजूक वाद्याचा कायापालट झाला तो अमेरिकेंत. मिशिगन राज्यांतील कॅलमझू येथील ऑर्व्हिल गिब्सन यानें १८९८ मध्यें एका मँडोलिनचें पेटंट मिळविलें. त्यांत पट्ट्या वांकवून जोडण्याऐवजीं भरीव लांकूडच कोरून काढण्याची कल्पना होती. १९०२ मध्यें त्याच्या नांवाची कंपनी निघाली. पुढें याच कंपनींत १९१९ ते १९२४ पर्यंत असलेला लॉइड लोअर यानें ही कल्पना शेवटास नेली. १९२२ मध्यें निघालेलें ‘एफ्-५’ हें मँडोलिन त्याच्याच देखरेखीखालचें. वाटोळ्या छिद्राच्या जागीं व्हायोलिनसारखीं दोन छिद्रें, तबलीच्या आंतून लांबीच्या दिशेनें चिकटविलेल्या दोन स्वरपट्ट्या, आणि आंत लोअरच्या सहीची तारीखवार चिठ्ठी. आज हातानें मँडोलिन घडविणारे बहुतेक कारागीर याच नमुन्याची नक्कल करितात, आणि त्या सहीचें अस्सल वाद्य लाख डॉलरांहूनही अधिक किंमतीस जातें. चिठ्ठीच्या पूजेचा थोडा भाग वजा टाकला तरी वाद्याची योग्यता उरतेच.

ती योग्यता कोठें आहे? आमच्या मतें ती तबलींत आहे. स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाची एक फळी उभी चिरून तिचे दोन भाग पोथीच्या पानांप्रमाणें उघडावयाचे आणि मधोमध सांधावयाचे. मग पटाशीनें आणि अंगठ्याएवढ्या रंध्यानें बाहेरचा उंचवटा काढावयाचा, आणि त्यानंतर आंतून पोखरावयाचें. मध्यभागीं साडेचार-पांच मिलिमीटर जाडी राहते. कडेच्या पन्हाळींत ती तीनच्या आंतबाहेर येते. शेवटचें काम पोलादी पातीनें खरवडण्याचें. कारागीर खरवडतो, टिचकी मारतो, कान देतो, पुन्हा खरवडतो. फार ठेवलें तर वाद्य मुकें राहतें, फार काढलें तर तारांच्या सुमारें पावणेदोनशें पौंड ताणाखालीं तबली खचते. आमच्या गृहस्थांनीं पहिली तबली अशीच गमावली होती. ती त्यांनीं भिंतीवर टांगून ठेविली आहे. पाठ, दांडी, पडदे, खुंट्या यांतही कौशल्य आहेच; परंतु तें मुख्यतः मापाचें कौशल्य होय. तबलीचें काम हा मात्र निर्णयाचा प्रांत आहे, आणि जेथें निर्णय आहे तेथेंच टीकेला जागा आहे.

आतां पिकअपकडे वळूं. झाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनीं १८८० मध्यें दाखवून दिलें कीं कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां त्यांत विद्युत् उत्पन्न होते. याच धर्माची एक लहानशी चकती किंवा पट्टी घोडींत अथवा तिच्या पायाखालीं बसविली म्हणजे तारेचा प्रत्येक धक्का तारेवाटे पुढें जातो. हा प्रवाह फार क्षीण असतो. दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक रोधाचा प्रवर्धक त्याच्यापुढें नसेल तर खर्जाकडील अंग गळून पडतें, आणि पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा किरकिरा आवाज तेवढा उरतो. येथवर दोष जोडणीचा, आणि तो थोड्या खर्चानें निवारतां येतो. परंतु खरी अडचण निराळी आहे. घोडीपाशीं उचललेला नाद हा मुख्यतः तारेचा नाद. तबली थरथरते तिचा प्रतिसाद घोडीपर्यंत उलटून येतो हें खरें, म्हणून लांकडाचें कांहींच ऐकूं येत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण तबलीच्या साऱ्या पृष्ठावरून हवेंत सुटणारा, पोटांतल्या पोकळींत घुमून दोन छिद्रांवाटे बाहेर येणारा जो नाद, त्याची त्या चकतीस ओळखही नसते. चकती घोडीखालून काढून तबलीच्या आंतल्या बाजूस चिकटविली तर सुधारणा होते, पण ऐकला जातो तो एक ठिपका. जाहिरातींत मात्र ‘लांकडाचा नैसर्गिक आवाज’ हे शब्द ठळक टाइपांत छापलेले असतात.

आणखी एक गोष्ट याहून विपरीत आहे. सभागृहांत ध्वनिवर्धकांतून निघालेला नाद परत येऊन तबलीवर आदळतो, ती हलते, पिकअप तें हलणें उचलतो, आणि क्षणार्धांत कर्कश आरोळी घुमूं लागते. तबली जितकी हलकी व मोकळी, तितकी ती या व्याधीस लवकर बळी पडते. म्हणजे कारागिरानें जो गुण दोन वर्षें खरवडून मिळविला तोच मंचावर अवगुण ठरतो, आणि त्यावर उपाय म्हणून वादक त्या सुंदर छिद्रांत स्पंज कोंबतात! असल्या वाद्यास जाड फळीचें सामान्य मँडोलिन अधिक सोयीचें, हें कोणीही प्रामाणिक वादक कबूल करील.

यावरून आम्ही विजेचे वैरी आहों असें वाचकांनीं समजूं नये. ज्याची सही पूज्य झाली आहे तो लोअर स्वतःच विजेच्या मागें होता. १९२४ च्या अखेरीस त्यानें ती कंपनी सोडली, आणि १९३० नंतरच्या वर्षांत ‘विवि-टोन’ या नांवानें त्यानें विजेचीं वाद्यें बाजारांत आणण्याचा प्रयत्न केला. तो फळास आला नाहीं, पण त्याची दृष्टि आमच्या आजच्या शुद्धिवाद्यांहून मोकळी होती. आपल्याकडचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. आंध्रांतील पालकोल येथें १९६९ मध्यें जन्मलेले आणि २०१४ मध्यें दिवंगत झालेले यू. श्रीनिवास यांनीं कर्नाटक संगीत वाजविलें तें भरीव अंगाच्या, पांच सुट्या तारांच्या विजेच्या मँडोलिनवर. गमकासाठीं सूर लांबला पाहिजे, आणि साध्या मँडोलिनचा सूर तर छेडतांच विरूं लागतो. येथें वीज ही वाद्याची प्रकृति आहे. तबलीची हांव नाहीं, म्हणून तबलीशीं अप्रामाणिकपणाही नाहीं. उलटपक्षीं, चित्रपट-संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनीं साध्या मँडोलिनवरच मींडेची आराधना केली, आणि जोडतारांचें तें हट्टी वाद्य हिंदुस्थानी रागांना वळविलें. दोघांचे मार्ग भिन्न, पण दोघांचीही वाद्यें एकवचनी.

बिल मन्रो या अमेरिकन वादकाची हकीकतही येथें सांगण्यासारखी आहे. ‘ब्लूग्रास’ नांवाच्या लोकसंगीताचा हा जनक. त्याचें ९ जुलै १९२३ या तारखेच्या सहीचें एफ्-५ त्यानें १९४० नंतरच्या दशकांत मायामी येथील एका न्हाव्याच्या दुकानांत पाहून दीडशें डॉलरांस घेतलें. त्या काळीं अशीं वादकमंडळें एका मायक्रोफोनभोंवतीं उभीं राहत. ज्याची पाळी येई तो पुढें सरके, संपतांच मागें हटे. जवळ-दूर होण्याचें तें तारतम्य हाही त्या कलेचाच भाग होता. मायक्रोफोन हवेंतून ऐकतो, म्हणून तबलीचें श्रेय तबलीस मिळतें. १९८५ मध्यें कोणी घरांत शिरून त्या मँडोलिनचे तुकडे केले. कारागिरांनीं ते शेंकडों तुकडे जुळवून तें पुन्हा वाजतें केलें. एवढा खटाटोप केवळ तारांसाठीं कोणी केला नसता.

आमच्या गृहस्थांचें मँडोलिन आम्हीं दोनदां ऐकलें. एकदां त्यांच्या माजघरांत. पंचमाची जोडी छेडली तेव्हां शेजारच्या फडताळांतील पितळी वाट्या किंचित् बोलल्या; मधल्या सप्तकांत गोडवा होता, खालच्या जोडींत मात्र थोडी घोगरेपणाची झांक, बहुधा स्वरपट्टी एका अंगास जाड राहिल्याची. दुसऱ्यांदा एका वाद्यवृंदांत, घोडीस चिमट्यानें तात्पुरता पिकअप लावून. त्यांच्या पुतण्यानें तें वाजविलें आणि चांगलें वाजविलें. ढोलकी आणि कीबोर्ड यांच्या गर्दींत प्रत्येक सूर मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोंचला. गोडवा ऐकूं आला नाहीं. आणि नवल असें कीं, घोगरेपणाही ऐकूं आला नाहीं. गुण आणि दोष दोन्ही तारेंतून गळून गेले होते. पुतण्याचें म्हणणें असें कीं, ऐकूंच न येणाऱ्या गोडव्यास मंचावर कोणी बिदागी देत नाहीं. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. त्याच्यासाठीं भरीव अंगाचें निराळें वाद्य करावें, आणि या वाद्यापुढें मायक्रोफोन ठेवावा, असें आम्हीं सुचविलें. काकांचें वय सत्तरीच्या पुढें आहे. दुसरें वाद्य हातून होईल याची त्यांना खात्री नाहीं. गिरमिट मात्र त्यांनीं तेल घालून पेटींत ठेविलें आहे.