शिडी आणि लेखनिक

जेम्स वॉटसन यांचे 'द डबल हेलिक्स' (१९६८) मी एका बैठकीत संपविले. आर्थर कॉर्नबर्ग यांच्या 'फॉर द लव्ह ऑफ एन्झाइम्स' (१९८९) या आत्मकथनाला मात्र महिना लागला. तरीही दोहोंपैकी घरात कोणते ठेवावे असे कोणी विचारले, तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन. मत विपरीत वाटेल, म्हणून कारणे देणे भाग आहे.

वॉटसन यांची लेखणी चटकदार आहे. आनुवंशिक वारसा वाहणाऱ्या डीएनएची रचना १९५३ साली त्यांनी व क्रिक यांनी उलगडली, ती हकिकत त्यांनी शर्यतीसारखी रंगविली आहे. पण शर्यत म्हटली की बाकीचे केवळ हरण्यापुरते उरतात. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण संशोधनाचा या यशात मोठा वाटा. पुस्तकात मात्र त्यांचे व्यंगचित्रच अधिक दिसते. उपसंहारात लेखक चूक कबूल करतो खरा. पण ती कबुली ऐकायला त्या कोठे होत्या? १९५८ सालीच त्या निवर्तल्या होत्या.

दुसरा दोष अधिक खोल आहे. शिडी सापडली आणि गोष्ट संपली! डीएनएच्या दोन धाग्यांवर चारच अक्षरे ठरावीक जोडीने समोरासमोर बसलेली असतात. धागे सुटे झाले की प्रत्येकावरून त्याचा जोडीदार उतरविता येतो. पण उतरवितो कोण? पोथी आहे म्हणून नक्कल आपोआप होत नाही, लेखनिक लागतो.

कॉर्नबर्ग यांचे पुस्तक या लेखनिकाच्या शोधाचे आहे. १९५६ साली सेंट लुईस येथे जिवाणूंच्या अर्कातून त्यांनी डीएनए पॉलिमरेज हे एन्झाइम हाती आणले. १९५९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळले की येथे सारा कारखानाच आहे. हेलिकेज धागे सोडविते, प्रायमेज आरंभाचा लहानसा तुकडा घालून देते, पॉलिमरेज अक्षरे जुळविते, चुकलेले अक्षर काढून पुन्हा लिहिते आणि लायगेज तुकडे सांधते. जिवाणूत हे काम सेकंदाला सुमारे १००० अक्षरांच्या वेगाने चालते!

आणि १९६९ साली नवलच घडले. कॉर्नबर्ग यांचे एन्झाइम जवळजवळ नसलेला जिवाणू सापडला, आणि तो खुशाल वाढत होता! म्हणजे ते मुख्य लेखनिक नव्हेच. डागडुजी करणारे कारागीर. खरा लेखनिक, तिसरे पॉलिमरेज, पुढे शोधून काढणाऱ्यांत त्यांचाच मुलगा टॉम होता. हा मुलगा तोवर सेलो वाजवायला शिकत होता! बापाच्या कीर्तीला लागलेला धक्का मुलाने असा सावरला, हे मला कोणत्याही शर्यतीहून हृद्य वाटले.

कॉर्नबर्ग यांच्या पुस्तकात नावांची दाटी आहे, रसायनांची वर्णने लांबतात; वाचक दमतो. परंतु चूक, दुरुस्ती आणि दुसऱ्यांचे हात यांना तेथे जागा आहे. सुटीत वॉटसन जरूर वाचावेत. फराळासारखे ते भराभर संपतील. कॉर्नबर्ग हे रोजचे जेवण आहे.