ऋतुवर्णन आणि राणीची बाग

मराठी वाङ्मयांत ऋतुवर्णनें विपुल आहेत. दिवाळीच्या अंकांत शरद ऋतु येतो, पाडव्याच्या सुमारास वसंताचें आगमन होतें, आणि पहिल्या सरीबरोबर ओल्या मातीच्या गंधाचे लेख ठरल्या वेळीं छापून निघतात. त्यांतील भाषा बहुधा प्रौढ व गोड असते. परंतु असा लेख हातांत घेऊन एखाद्या ओळखीच्या बागेंत जावें आणि तेथील झाडांशीं तो ताडून पाहावा, ही परीक्षा सहसा कोणी घेत नाहीं. आम्हीं ती मुंबईच्या राणीच्या बागेंत घेऊन पाहिली. भायखळ्याची ही बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. आज तिचें अधिकृत नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. देशोदेशींचीं झाडें तेथें एकत्र नांदत असल्यामुळें या परीक्षेला ती फार सोयीची आहे.

प्रथम वसंताची गोष्ट घेऊं. पंचांगांतला वसंत चैत्र-वैशाखांत बसतो. उत्तरेकडील कवींनीं आपल्या प्रदेशाचें हवामान पाहून सहा ऋतूंचीं जीं चित्रें काढलीं, तीं समुद्रकांठच्या लेखकानेंही जशींच्या तशीं उचललीं. वस्तुतः कोंकणपट्टींत आंब्याला मोहोर येतो तो पौष-माघांत. पळस, पांगारा, काटेसावर हीं झाडें फुलतात तीं अंगावर पान नसतांना, माघ-फाल्गुनांत. म्हणजे पंचांगाप्रमाणें ऐन शिशिरांत! वैशाखांत वसंतशोभा वर्णन करणारा मुंबईकर लेखक आपला सदरा घामानें भिजला आहे, हें खुशाल विसरतो. कालिदासाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यानें ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मानें करून वसंत शेवटीं ठेवला, आणि जें लिहिलें तें आपल्या मुलखाविषयीं लिहिलें. दोष आहे तो त्याचा मुलूख आपल्या अंगणांत आणून बसविणाऱ्यांचा.

अशोकाचें उदाहरण याहून बोलकें आहे. तरुणीच्या लत्ताप्रहारानें अशोक फुलतो, हा संस्कृत कवींचा संकेत आमच्या लेखकांस तोंडपाठ असतो. पण रस्त्याच्या कडेला खांबासारखें सरळ वाढलेलें, नागमोडी कडांच्या पानांचें जें झाड दाखवून ते अशोकाचें वर्णन करतात, तें झाड असतें आसुपालवाचें. त्याचीं हिरवट फुलें पानांत दिसतही नाहींत. खरा अशोक, ज्याला लोक सीतेचा अशोक म्हणतात, माघापासून चैत्रापर्यंत फुलतो. त्याचे केशरी-तांबडे गुच्छ थेट फांद्यांना, कधीं खोडालाही चिकटून येतात, आणि कोंवळी पालवी तांबूस होऊन अशी मलूल लोंबते कीं झाड आजारी असल्याचा भास व्हावा. ही लोंबती पालवी संकेतांत कोठें नाहीं, म्हणून ती लेखांतही येत नाहीं. ज्यानें झाड पाहिलें त्याला तिच्याविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

कोकिळेचेंही तेंच. मराठी कवितेंत ‘कोकिळा’ गाते. झाडावर गातो तो लाल डोळ्यांचा काळा नर. मादी ठिपक्यांची असून तिचा आवाज कर्कश असतो. शिवाय हा गवई वसंत संपतांच मैफल आटोपून जात नाहीं. पाऊस सुरू झाल्यावरही त्याची हांक पुष्कळ दिवस ऐकूं येते. पावसांतील कोकिळ मराठी ललितलेखांत आम्हांस क्वचितच भेटला आहे.

या बागेंतील गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. उन्हाळ्यांत ती उघडीबोडकी उभी असते आणि पावसाच्या सुमारास हिरवी होते. तिची मोठीं पांढरीं फुलें संध्याकाळीं उमलतात. वसंताशीं तिला कांहीं कर्तव्य नाहीं. लोकांची झुंबड मात्र दुसरीकडे असते. २०१६ सालीं येथें हंबोल्ट पेंग्विन आणले गेले. कांचेआड यंत्रानें थंड केलेल्या हवेंत ते राहतात. बाहेर ऋतु बदलत असतां आंत एकच ऋतु बारा महिने चालविलेला असतो, आणि रांग लागते ती त्यापुढें! पोरांचा यांत दोष नाहीं. फुललेला अशोक त्यांस कोणी दाखविलेलाच नसतो.

या सांकेतिकपणांतून मराठी गद्याला बाहेर काढण्याचें मोठें श्रेय दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ला आहे. १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथांत त्यांनीं सहा ऋतूंऐवजीं बारा महिने घेतले. बदल वरवर लहान दिसतो. पण महिना हें माप घेतलें कीं संकेताला जागा कमी उरते व डोळ्यांना काम पडतें. दुर्दैवानें त्यांच्यामागून आलेल्या कित्येकांनीं त्यांची रंगांचीं विशेषणें तेवढीं उचलली आणि पाहण्याचे कष्ट वगळले.

तथापि ‘ऋतुचक्र’ही एका विशिष्ट सालाची रोजनिशी नव्हे, तो त्याचा हेतूच नव्हता. ती उणीव आमच्या वाङ्मयांत अजून भरून निघालेली नाहीं. इंग्लंडांत नॉरफोक येथील रॉबर्ट मार्शम या जमीनदारानें १७३६ सालापासून कोणत्या झाडाला पान कधीं फुटलें, कोणता पक्षी कधीं आला, याच्या तारखा टिपून ठेवण्यास सुरुवात केली, आणि त्याच्या वंशजांनीं ती वही १९५८ पर्यंत चालविली. ललितलेखकानें हवामानखात्याचा कारकून व्हावें काय, असा आक्षेप यावर येईल. आमच्या मतें तारखेनें गद्य रुक्ष होत नाहीं. ‘यंदा ताम्हण वैशाख लागण्यापूर्वींच जांभळी झाली’ या वाक्यांत जें कुतूहल आहे, तें ‘ताम्हणीनें जांभळा शालू परिधान केला’ यांत नाहीं.

तारखा नसल्यानें काय होतें तें पाहा. बहावा फुलल्यापासून पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो, असें हल्लीं घरोघरीं सांगतात. हें खरें कीं खोटें हें ठरविण्यास एकाच झाडाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी पुरेशा झाल्या असत्या. मुंबईंत पाऊस सामान्यतः जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास स्थिरावतो. २०२५ सालीं तो २६ मे रोजींच आला. तेव्हां पावसावर लेख पुष्कळ निघाले. त्या वर्षीं बहाव्याचा पहिला घोस कोणत्या दिवशीं फुलला, हें मात्र त्यांपैकीं एकाही लेखांत आम्हांस आढळलें नाहीं.