सस्पेन्स अकाउंट

बँकेत सस्पेन्स अकाउंट नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचा बाप सापडत नाही ती रक्कम तात्पुरती तिथं नेऊन बसवायची आणि बाप सापडला की पोरगं त्याच्या हवाली करायचं, एवढाच त्याचा अर्थ. रहस्यकथेची याहून चांगली व्याख्या अजून कुठल्या समीक्षकानं केल्याचं माझ्या वाचनात नाही. समीक्षक बहुधा बी. कॉम. नसतात, त्याला कोण काय करणार!

गेल्या जुलैत या खात्याची मला रोज आठवण झाली. आमच्या कसबा बावड्यात जुलै लागला की माणसं एकमेकांना 'काय, बरं हाय न्हवं?' असं विचारत नाहीत, 'किती फूट?' असं विचारतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. 2019 आणि 2021 चे महापूर बघितलेल्या माणसाला अडतिसाव्या फुटापासून पुढचा एकेक इंच म्हणजे एकेक प्रकरण वाटतो. अशा दिवसांत घरात बसून दुसऱ्यांचे खून वाचावेत, हे उत्तम. त्या महिन्यात मी बरेच खून वाचले आणि त्याहून जास्त ऐकले.

ऐकले ते आप्पांमुळे. मधुमेहानं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला आणि डॉक्टरांनी 'आता वाचनाचा हट्ट नको' म्हणून सांगितलं. ज्या माणसानं शाळेत भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकर लपवून वाचले, त्याला असं सांगणं म्हणजे पेन्शन बंद झाल्याचं कळवण्यासारखंच. आप्पा काही बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी पेपर नेहमीसारखा उघडून धरायचे आणि पान उलटायचे. हे बघवेना, म्हणून चिरंजीवांनी मोबाइलवर बोलती पुस्तकं आणून दिली. स्टोरीटेल 2017 साली मराठीत आल्यापासून हा प्रकार आपल्याकडे चांगला रुळला आहे, हे मला फार उशिरा कळलं. बँकेत सगळंच उशिरा कळतं.

सुरुवात सुहास शिरवळकरांपासून केली. 'दुनियादारी'मुळे लोक त्यांना कॉलेजच्या कट्ट्यावर बसवून मोकळे होतात. पण फिरोज इराणी आणि दारा बुलंद हेही त्यांचेच. शिरवळकर कानाला फार मानवतात. त्यांची माणसं पानावर असतानाच बोलत असतात, वाचणाऱ्याला वेगळा अभिनय करावा लागत नाही. पण वाचणारे कलाकार सगळेच इतके शहाणे नसतात. एका कथेत (ती शिरवळकरांची नव्हे) दुसऱ्याच प्रकरणात एका सद्गृहस्थाला असा घोगरा आवाज दिला की आप्पा म्हणाले, "बंद कर रं. ह्योच खुनी." पुढचे पाच तास आम्ही केवळ खात्री करून घेण्यासाठी ऐकले. तोच होता. छापील पानावर सगळ्यांचा टाइप सारखा असतो. टाइपाची ही निःपक्षपाती वृत्ती मला तोवर जाणवली नव्हती.

मग शेरलॉक होम्सची 1892 सालची 'स्पेकल्ड बँड' ही गोष्ट घेतली. ही तर कानासाठीच लिहिल्यासारखी. मध्यरात्रीची शीळ, धातूचा खणकन आवाज. निम्मे पुरावे ऐकायचेच आहेत. मात्र ती मराठीत आणताना कुणाचीही पंचाईतच व्हावी. मरणारी मुलगी 'बँड' म्हणते. त्याचा अर्थ पट्टाही होतो आणि टोळीही, म्हणून होम्स आधी जिप्सींच्या टोळीमागं लागतो. मराठीत दोन्हीला मिळून एक शब्द नाही. 'पट्टा' म्हणावं तर टोळी पळते, 'टोळी' म्हणावं तर पट्टा सुटतो. अनुवादकाला दोष देणाऱ्यानं आधी हा एक व्हाउचर पास करून दाखवावा.

छापील पुस्तकांत वरचा नंबर अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंच्या 1926 सालच्या 'रॉजर अ‍ॅक्रॉइड'चा. खुनी कोण ते सांगत नाही. सांगणाऱ्याला कोल्हापुरात मिसळ मिळू नये. एवढंच म्हणतो, की या पुस्तकात खोटी एंट्री एकही नाही. बाईंनी फक्त एक ओळ लिहायची सोडली आहे. शेवटी मी ते पान पुन्हा काढलं आणि कपाळाला हात लावला. एकवीस वर्षं बेरजा तपासून ती मोकळी जागा मला दिसली नव्हती! तेव्हा मी मनाशी निकाल देऊन टाकला: खरी रहस्यकथा डोळ्यांनीच वाचावी. मागचं पान उलटता येत नाही तिथं वाचकाला न्याय नाही. कानाला खतावणी तपासता येत नाही.

हा निकाल चारच दिवस टिकला. पाणी एकेचाळीस फुटांवर गेलं त्या रात्री वीज गेली आणि मोबाइलही मान टाकून बसला. आप्पांना झोप नव्हती. दर दहा मिनिटांनी "किती फूट?" शेवटी मी माळ्यावरनं त्यांचा जुना झुंजार काढला आणि बॅटरीच्या उजेडात मोठ्यानं वाचायला लागलो. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. इतक्या लिहिणारा माणूस वर्णनात रेंगाळत नाही हे वाचताना कळतंच, पण मोठ्यानं वाचताना दम लागतो तेव्हा जास्त कळतं. वाक्य लहान, दार उघडं, पिस्तूल समोर, प्रकरण समाप्त! अशा मजकुराला आवाज बदलायची गरजच पडत नाही.

साडेबाराच्या सुमाराला माझे डोळे मिटायला लागले. आप्पांनी तर केव्हाच मिटले होते. म्हणून मी हळूच दोन पानं एकदम उलटली.

"आत्ता दारात हुता न्हवं झुंजार? मोटारीत कसा बसला?"

मी म्हटलं, "आप्पा, पान चिकटलं होतं."

"चिकटलं न्हाई, तू खाल्लंस. माघारी जा."

माघारी गेलो. ख्रिस्तीबाईंची एक ओळ मला चष्मा लावून दिसली नाही. आप्पांनी माझी दोन पानं अंधारात पकडली. तेव्हा कानांविषयीचा माझा निकाल मी परत घेत आहे. ही एंट्री रिव्हर्स समजावी.

सकाळी पाणी चार इंच उतरलं. ही बातमी मी धावत जाऊन आप्पांना सांगितली. ते म्हणाले, "ते असू दे. झुंजार सुटला का?"