‘मुंबईचा उदय’ आणि शिरगणतीचे आकडे

एस. एम. एडवर्ड्स यांचा ‘द राइज ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या अभ्यासकास तो आजही टाळता येत नाही. १९०१ च्या जनगणना-अहवालाचा ऐतिहासिक भाग म्हणून हे लेखन झाले व तेच पुढे स्वतंत्र ग्रंथरूपाने निघाले. ही गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. परंतु ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही तिच्यातच दडलेली आहेत. ज्या जनगणनेच्या निमित्ताने हा ‘उदय’ लिहिला गेला, तिनेच शहराची वस्ती घटल्याचे नोंदविले होते. १८९१ साली ८,२१,७६४ असलेला आकडा १९०१ साली ७,७६,००६ वर आला होता.

एडवर्ड्स यांची साधनसामग्री विपुल आहे आणि ऱ्हासाचे प्रसंग त्यांनी लपविलेले नाहीत. तथापि त्यांच्या कथनाची चाल चढणीची आहे. भरभराट हा शहराचा स्वभाव आणि घट हा मध्येच आलेला अडथळा, असे गृहीत धरूनच ते पुढे जातात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवासी फ्रायरने केलेला ६०,००० चा अंदाज आणि १७१८ मधील कॉब या धर्मोपदेशकाचा १६,००० चा अंदाज हे मुंबईच्या इतिहासात नेहमी शेजारी शेजारी मांडले जातात. पण एका प्रवाशाची अटकळ, एका पाद्र्याचा अंदाज आणि घरोघर फिरून केलेली गणती ही एकाच जातीची प्रमाणे नव्हेत. त्यांना एका रेषेत ओवले की जी चढउतार दिसते, तिच्यातील काही भाग शहराचा असतो आणि काही मोजणाराचा.

खऱ्या गणतीलाही हे लागू पडते. १८६४ ची शिरगणती अमेरिकन यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीच्या ऐन भरात झाली. तेव्हाचा आकडा ८,१६,५६२ होता. १८६५ साली युद्ध संपले, सट्टा कोसळला आणि १८७२ साली शहरात ६,४४,४०५ माणसे मोजली गेली. १८६४ चा आकडा ओलांडण्यास १८९१ साल उजाडावे लागले. म्हणजे जिला प्रगतीचे शतक म्हणून गौरविले जाते, त्या एकोणिसाव्या शतकातील सत्तावीस वर्षे केवळ गमावलेली संख्या भरून काढण्यात गेली.

१९०१ ची घट अधिक विचार करण्याजोगी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिज्वराचा उद्भव झाला आणि पुढील काही महिन्यांत शहराच्या जवळजवळ निम्म्या वस्तीने गाव गाठले, असा तत्कालीन अंदाज आहे. १९०१ ची गणती १ मार्च रोजी, म्हणजे साथीच्या हंगामात झाली. तेव्हा नोंदलेल्या ४५,७५८ च्या तुटीत मृत किती आणि कोकणात वा घाटावर गेलेले अनुपस्थित किती, हे बेरजेवरून सांगता येत नाही. १९०६ च्या गणतीत आकडा ९,७७,८२२ झाला. पण १९११ साली तो ९,७९,४४५ एवढाच होता. पाच वर्षांत दोन लाखांची वाढ आणि नंतरच्या पाच वर्षांत अवघी १,६२३ ची! एवढ्या वेगाने जन्म होत नाहीत. माणसे येतात आणि जातात. १९११ साली शंभरांतील सुमारे वीसच रहिवासी शहरात जन्मलेले होते. तेव्हा मुंबईचा ऱ्हास आणि पुनरुत्थान या गावाकडच्या वाटेवरच्या दोन फेऱ्या होत. संख्या परत आली. तीच माणसे परत आली, असे मात्र नव्हे.

वस्तीच्या विस्ताराचेही असेच आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले व दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. विस्थापितांपैकी अनेकांना नव्या घरांचे भाडे परवडणारे नसल्याने त्यांनी शेजारच्याच चाळींत दाटी केली. शहराच्या एकूण बेरजेत या स्थलांतराची खूणही उरत नाही.

एडवर्ड्स यांची दृष्टी त्यांच्याबरोबर संपली असती, तर हा प्रश्न केवळ ग्रंथपरीक्षणाचा ठरला असता. परंतु बेटावरील मुंबईची वस्ती १९८१ साली ३२,८५,०४० होती, १९९१ साली ती ३१,७४,८८९ झाली, २००१ साली ३३,३८,०३१ वर चढली आणि २०११ साली ३०,८५,४११ वर उतरली. त्याच वर्षी उपनगर जिल्ह्यात ९३,५६,९६२ लोक होते. बेटापुरते पाहणारा याला ऱ्हास म्हणेल, बृहन्मुंबई पाहणारा वाढ म्हणेल. आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्यामुळे परळ-लालबाग सोडावे लागलेल्या कुटुंबाला या दोन्ही शब्दांत आपली हकीकत सापडणार नाही.

शहराची चढउतार नोंदविण्याचे एडवर्ड्स यांचे श्रम मोलाचे आहेत. मात्र प्रत्येक आकड्यास तो कोणत्या दिवशी, कोणत्या सीमेत आणि कोणाच्या गैरहजेरीत घेतला गेला हे विचारल्याखेरीज ‘उदय’ हा शब्द वापरू नये, हा त्यांच्या ग्रंथाच्या परिशीलनातून निघणारा बोध होय.