सायकलीचा सांगाडा : द्रव्यनिवडीची कसोटी

हाताने घडविलेल्या सायकलींविषयीचे बरेचसे लेखन द्रव्यस्तुतीचे असते. पोलाद ‘जिवंत’, अ‍ॅल्युमिनियम ‘रुक्ष’, टायटॅनियम ‘उमदे’ आणि बांबू ‘निसर्गाशी एकरूप’ ही विशेषणे त्यात जणू ठरून गेली आहेत. वृत्तालाच रसाचे कारण मानणाऱ्या काव्यसमीक्षेची जी चूक, तिच्याच जातीची ही चूक होय. आंबेजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ पासोडीवर लिहिले. परंतु त्या रचनेची थोरवी कापडाच्या पोतात कोणी शोधत नाही. द्रव्याला गुण असतात हे खरे. मात्र ते कृतीत उतरतात ते आकार, जोड आणि वापर या तिहींच्या द्वारा.

प्रथम मोजता येण्याजोग्या गोष्टींचा विचार करावा. पोलादाचा प्रत्यास्थता-गुणांक सुमारे २०० गिगापास्कल व घनता ७.८५; अ‍ॅल्युमिनियमचे हेच आकडे सुमारे ६९ व २.७, टायटॅनियमचे सुमारे ११० व ४.५. गुणांकास घनतेने भागले असता तिन्ही ठिकाणी उत्तर २४ ते २६ च्या आसपास येते. बांबूचा तंतूंच्या दिशेचा गुणांक साधारण १५ ते २० व घनता ०.६ ते ०.८ धरली, तर तोही याच पंगतीत बसतो. म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणा हा कोणा एका द्रव्याचा मक्ता नाही. खरा फरक नळीच्या व्यासाने पडतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकली ताठ वाटतात त्या धातूच्या स्वभावामुळे नव्हे, तर त्यांच्या नळ्या जाड व्यासाच्या असतात म्हणून.

‘सुखद चाली’च्या दाव्याचीही हीच गत आहे. त्रिकोणांनी बांधलेला सांगाडा उभ्या दिशेने अत्यल्प दबतो. त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. खडीच्या रस्त्यावर बसणारे हादरे टायरची रुंदी व त्यातील हवा जेवढे कमी करतात, तेवढे नळीचे द्रव्य करीत नाही.

मग निवडीस अर्थ उरत नाही काय? उरतो, परंतु तो दुसऱ्या ठिकाणी. सायकल मोडल्यावर ती कोण दुरुस्त करणार, या प्रश्नात तो आहे. येथे बीड जिल्हा कसोटीस घ्यावा. येथून दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ऊस वाहणारी त्यांची बैलगाडी एके काळी बाभळीच्या लाकडाची होती. पुढे लोखंडी साटा आणि हवेची चाके असलेली टायरगाडी रूढ झाली. हा बदल सौंदर्यदृष्टीने झाला नाही. ओझे वाढले, रस्ते बदलले आणि मोडलेले लोखंड सांधणारा वेल्डर बाजाराच्या गावी मिळू लागला. द्रव्याची निवड कारागिराच्या उपलब्धतेने झाली, हा येथील मुख्य बोध होय.

या कसोटीवर बांबूचे मूल्यमापन आदराने, पण सावधपणे करावयास हवे. ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमध्ये १८९४ सालीच बांबूच्या सायकली लोकांपुढे आल्या होत्या. महाराष्ट्रात हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक यांनी पुण्यात ‘बांबूची’ या नावाने हाताने घडविलेल्या बांबूच्या सायकली सिद्ध केल्या. या पद्धतीचे श्रेय असे की तिला भट्टी लागत नाही. तंतू आणि राळ यांचे वेढे देऊन जोड बांधता येतो. परंतु बांबूचे तंतू एकाच दिशेने धावतात. कोरड्या हवेत तो लांबीत उकलतो. बीडचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. साध्या तापमानास घट्ट होणाऱ्या काही इपॉक्सी राळा ५० ते ६० अंशांच्या सुमारास नरम पडू लागतात, आणि उन्हात उभ्या सायकलीचा काळा जोड तेवढा तापू शकतो. शिवाय एक नळी उकलली तर ती जोडात बांधलेली असल्याने सहज बदलता येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची अडचण वेगळी आहे. ६०६१ जातीचा मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगत दुर्बल होतो. त्याचे बळ परत आणण्यास नियंत्रित उष्णतोपचार लागतो. पोलादाप्रमाणे त्याला थकव्याची निश्चित खालची मर्यादाही नाही.

पोलादाच्या बाजूने कौल देतानाही विवेक सुटता कामा नये. रेनॉल्ड्स ५३१ ही १९३५ सालची प्रख्यात नळी साध्या पोलादाहून बळकट आहे, ताठ नव्हे; दोहोंचा प्रत्यास्थता-गुणांक जवळजवळ एकच. बळ अधिक म्हणून भिंत पातळ करता येते, एवढाच तिचा लाभ. आणि पातळ भिंत गावच्या वेल्डरच्या हाती जळून भोक पडते. शर्यतीसाठी जो गुण, तोच येथे दोष ठरतो. उलट जराशी जाड, साधी नळी लगमध्ये बसवून पितळेने झाळली, तर जोड तापवून तीच नळी काढता व बदलता येते. वजन काहीसे वाढते. ते मान्य करावे.

शाळेला किंवा रानात जाण्यासाठी ज्याला दुसरे वाहन नाही, त्याच्या सायकलीचा मोडलेला दिवस हा बुडालेला दिवस असतो. घडविणाऱ्याने द्रव्य निवडताना हा दिवस हिशेबात धरला नाही, तर त्याची कृती कितीही देखणी असो, तिची निवड अपुरी म्हणावी लागेल. द्रव्याची प्रशंसा करणाऱ्या समीक्षेलाही हाच नियम लागू आहे.