आधी आडनाव सांग, मग इंग्रजी शीक

ए-वन म्हणजे आपल्या बोलीत अव्वल माल. इंग्रजीच्या शिडीवर मात्र ए-वन म्हणजे तळाची पायरी. युरोप कौन्सिलने २००१ साली भाषा मोजायची एक पट्टी छापली. ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या. आमच्या द्रोणागिरीतल्या क्लासनं त्याच्या तीन केल्या: बेसिक, इंटर, अ‍ॅडव्हान्स. फी प्रत्येक पायरीची वेगळी. मी दोन चढलो. ज्या पुस्तिकांवरून चढलो त्यांची ही समीक्षा. कवितासंग्रहांची आपण करतोच. पण आपली पोरं कवितेपेक्षा ही पुस्तकं जास्त वाचतात, पदरचे पैसे मोजून वाचतात, नि त्यांच्यावर कुणी चार ओळी लिहीत नाही.

पहिला धडा. दारात उभं राहून म्हणायचं, 'मे आय कम इन, सर?' सगळ्यांनी, एकेक करून. पोरं हसत होती. मला हसू येईना. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून गोणपाट नेऊन वेगळे बसत. त्या माणसाच्या लेकरांना परकी भाषा शिकवायची, तर पहिलं वाक्य कुठलं? आत येऊ का.

दुसरा धडा ओळखीचा. नाव, आडनाव, गाव, वडलांचा धंदा. पट्टीतही ए-वन म्हणजे हेच: आपली ओळख करून देता यावी, कुठं राहतो, कुणाला ओळखतो हे विचारता-सांगता यावं. युरोपातल्या माणसाला हे सोपं, म्हणून ते तळाला. आपल्याकडे हे प्रश्न कशासाठी विचारतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भाड्यानं खोली बघायला गेलं की हाच धडा मराठीतून होतो. 'पूर्ण नाव काय?' 'मूळचे कुठले?' नि मग खोली कालच गेलेली असते. क्लासात माझ्या शेजारच्या पोरानं नाव सांगितलं, आडनाव गिळलं. सर म्हणाले, 'फुल सेन्टेन्स, प्लीज.' त्यांना वाटलं, पोराचं व्याकरण कच्चं. व्याकरण पक्कंच होतं त्याचं.

आता तिसरी गोष्ट, जी पुस्तिकांत नाही. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, नि द्रोणागिरीच्या आजूबाजूला भातशेतीच्या जागी कंटेनर यार्डं आली. यार्डातला पोरगा दिवसभर इंग्रजीच वाचतो. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं नि सात आकडे. एक अक्षर चुकलं तर डबा भलतीकडे. हाच पोरगा ठेकेदाराच्या इंग्रजी कागदावर न वाचता सही ठोकतो. कारण 'यात काय लिहिलंय?', 'मला प्रत द्या', 'हे मला मंजूर नाही' ही वाक्यं त्याला कुणी शिकवलेलीच नाहीत. दोन्ही पुस्तिका मी पानन्‌पान चाळल्या. विनंत्या, आभार, माफ्या ढीगभर. नकार एकच, तोही हॉटेलात चहा नको म्हणायचा. युरोपच्या पट्टीतसुद्धा एखाद्या प्रश्नावर आपली बाजू फायद्यातोट्यांसह मांडणं येतं बी-टूवर. चौथ्या पायरीवर. तिथवर फी भरत पोचतो कोण?

सोपं आधी, अवघड मागून, हे मला कबूल आहे. पण 'नो' हा शब्द 'थँक यू'पेक्षा अवघड कुणी ठरवला?

सरकारी शाळेनं तरी काय केलं? पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला यायची. २००० सालापासून ती पहिलीला आली. म्हणजे पोरगा दहा इयत्ता इंग्रजी शिकतो, नि क्लासात आला की परत दारात उभा: आत येऊ का.

दुसरी वाट होती, नि ती आपल्याच घरातली. रामजीबाबांनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं पाठ करून घेतली, तर्खडकरांच्या पाठमालेतून भाषांतर घोटून घेतलं. आज तर्खडकरांना जुनाट म्हणतात. असतील. पण भाषांतरात मराठी खोलीबाहेर काढावी लागत नाही. एक भाषा दुसरीसमोर बसते नि हिशेब मागते. आमच्या क्लासात मराठी शब्दाला पाच रुपये दंड होता. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली ती इंग्रजीत, नि लगेच १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. त्यांनी दोन्हींतली एकही टाकली नाही.

थोडं आपल्या माणसांनाही सुनावतो. उत्तर प्रदेशात बांका गावी २०१० साली इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला घेतलं. भावना समजते. सावित्रीबाईंनीही १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून कळकळीनं सांगितलं. पण १९५६ ला आपण देव सोडले ते परत नवी देवी बसवायला नाही. देवीपुढे माणूस हात जोडतो, प्रश्न विचारत नाही. आणि नेमकं प्रश्न विचारायलाच आपल्याला ही भाषा हवीय.

म्हणून सांगतो, मित्रहो, क्लास सोडू नका. शिडी चढाच, सी-टूपर्यंत चढा. पण वस्तीवस्तीत आपली एक वही काढा. तिचा पहिला धडा दारातल्या विनंतीचा नको, आडनावाचाही नको. ठेकेदाराचा एक खराखुरा कागद घ्या, फळ्यावर लिहा, एकेक वाक्य मराठीत करा, मग त्याचं उत्तर इंग्रजीत. आमच्या खोलीवर रविवारी सात जण बसतो. आडनाव गिळणारा तो पोरगा आता फळ्यावर लिहितो. मागच्या रविवारी त्यानं लिहिलेलं वाक्य असं होतं: सही करण्याआधी मला हा कागद घरी न्यायचा आहे.

स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. त्या मागून दुरुस्त केल्या.

जयभीम.