देऊळ फिरले, दार फिरले नाही

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या देवळावर लिहिणारे बहुतेक जण दोन गोष्टी सांगतात. एक, हे बांधकाम यादवकाळातले, हेमाडपंती, वरचे शिखर नंतरचे. दुसरी, नामदेवांना तिथे कीर्तन करू दिले नाही, ते देवळामागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. पुरावा म्हणून मागे राहिलेला नंदी दाखवतात. खांब मोजले जातात, चमत्काराला हात जोडले जातात. पण मंडप ही ऐकण्याचीही जागा आहे. तिथे कोणी कुठे बसायचे, हा प्रश्न या लेखनात येत नाही.

तो नीट दिसावा म्हणून थोडे दूर जाऊ. इटलीत पाँपेईला इ. स. पू. ८० नंतर लवकरच एक छपराचे सभागृह बांधले गेले. गाण्या-वाचनाचे, सुमारे हजार-दीड हजार माणसांचे. पायऱ्या अर्धवर्तुळात वर चढत जातात, म्हणजे मागच्यालाही दिसावे आणि आवाज पोचावा. छप्पर पेलायला बाहेरच्या भिंती चौकोनी घेतल्या, त्यांनी अर्धवर्तुळाची टोके छाटली. तळाशी चार रुंद, बुटक्या पायऱ्या आहेत. नगरसभेच्या मानकऱ्यांनी आपापली आसने तिथे मांडायची. बाकीच्यांना वरच्या अरुंद पायऱ्या. कठड्याच्या टोकांना गुडघे टेकून भार वाहणारी दगडी माणसे आहेत. (कलेचे इतिहासकार त्यांच्या स्नायूंचे कौतुक करतात.) पुढे ऑगस्टसने तर नियमच घातले. पहिली रांग सिनेटरांची, गरिबाच्या काळपट कपड्यांत आलेल्याने मधल्या भागात बसायचे नाही, बायकांनी वरून पाहायचे.

तो समाज गुलामांच्या पाठीवर उभा होता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी तिथल्या गरिबाला छपराखाली शेवटची का होईना, रांग होती. औंढ्याचा मंडप सपाट, खांबांनी अडलेला. गाभारा तर तळघरात, उतरायला अरुंद जिना. हे बांधकाम देवासाठी आहे, श्रोत्यांसाठी नव्हेच. जो आत त्याला ऐकू येणार, बाहेरच्याच्या वाट्याला भिंत. नामदेव शिंपी, त्यांना निदान मागच्या भिंतीशी जागा मिळाली. त्यांच्याहून खाली ढकललेल्यांना कथेत ती भिंतही नाही.

भाविकांना ही कथा गोड वाटते. आम्हाला ती पुजाऱ्यांच्या सोयीची वाटते. देवच फिरला, मग त्यांनी काय बदलायचे? दार सर्वांना उघडले असे कथा कुठेच म्हणत नाही. याच नामदेवांना पंढरपुरात महाद्वाराची पायरी मिळाली, आणि चोखोबांची समाधी त्या पायरीसमोर, बाहेर. ती पायरी ओलांडायला अस्पृश्यांना १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले.

आपल्या माणसांनी मग इमारतीवाचून रंगभूमी उभी केली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे वस्तीवस्तीत झाले. त्यांना ना मंडप लागला ना महाद्वार.

आता जयंतीला मांडव पडतो. पुढे पाहुण्यांचे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे सतरंजीवर बाया आणि पोरे. जमीन सपाट, त्यामुळे मधल्या खुर्च्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. कर्ण्यातून गाणे त्यांच्यापर्यंत पोचते. गाणाऱ्याचे तोंड दिसत नाही.